नाल्याकाठची पंगत

सगुणामायला पाखरांवर फार माया होती असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर तो माणूस आमच्या गावचा नाही हे खुशाल समजा. पाखरं तिला आवडायची ती रश्शातली. हरियालाचा झणझणीत रस्सा आणि ज्वारीची गरम भाकर समोर आली की ती कोणाशी बोलत नसे, आणि तेवढा वेळच काय तो गावाला विसावा मिळे. एरवी तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. पाटील नाही, गुरव नाही, तिचा सख्खा दीरही नाही.

आमचं गाव तिवशाच्या अलीकडे, अमरावतीच्या गाडीवाटेपासून जरा आत. आम्ही माळी. नाल्याच्या या अंगाला आमची वांगी-मिरच्यांची बाडी, त्या अंगाला सगुणामायच्या सासरचं काळंभोर वावर. आणि त्या वावराच्या कडेनं, नाल्याच्या काठाकाठानं, झाडांचा एक लांबच लांब पट्टा. दोन वड, पिंपळ, पिंपरण, उंबर, चिंचा, जांभळी, बोरी, आणि त्यांच्या पायाशी बोराटीची अशी दाट काटेरी झुडपं की बकरीसुद्धा विचार करून आत शिरायची. तिथे मोर होते, तितर होते, लावे होते. वरच्या फांद्यांवर हरियाल, म्हणजे रानातलं हिरवं कबुतर. पानात बसलं की पानच होऊन जायचं. डोळे फोडून पाहिलं तरी दिसायचं नाही, नुसती शीळ ऐकू यायची.

सगुणामायचं माहेर मेळघाटच्या पायथ्याशी. बाप शेतकरीच, पण फासे लावण्यात पटाईत, आणि लेकीनं तेवढंच काय ते बापाचं उचललं होतं. अंगानं उंच, रंगानं काळी, चालणं पुरुषासारखं. नवरा पटकीत गेला तेव्हा ती ऐन तिशीत होती. एक मुलगी, ती लग्न होऊन दूर गेली. माणसं अशा वेळी देवधर्माला लागतात. सगुणामाय फाशांना लागली. कमरेला घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे गुंडाळलेले असायचे, आणि ओसरीला एका पिंजऱ्यात पाळलेला तितर. त्या तितराचं नाव तिनं पाटील ठेवलं होतं. का, असं विचारलं तर म्हणायची, "एका जागी बसून वरडते अन् दुसऱ्याले फाशात घालते. मंग दुसरं काय नाव ठेवू?" हे खऱ्या पाटलाच्याही कानावर गेलं होतं. पण करतो काय? तितराच्या नावावरून फिर्याद करायची म्हणजे ते आपलंच नाव आहे असं कबूल करायचं.

आमच्याकडे म्हातारी माणसं सांगत की हरियाल फार सोवळा पक्षी. जमिनीला पाय लावत नाही. पाणी प्यायला उतरलाच तर पायात काडी धरून उतरतो. गुरवानं एकदा पारावर हे अगदी रंगवून सांगितलं. सगुणामाय डोक्यावर मोळी घेऊन चालली होती, ती थांबली. "महाराज, कालच एक धरला मी पाण्यावर. पाय होता फाशात. काडी काही दिसली नाई बाप्पा." गुरव म्हणाला, "तू पापी, तुले कशी दिसीन?" ती म्हणाली, "मले नाई दिसली, खाताना लागली तरी असती." आणि मोळी सावरून चालू लागली.

ती धरायची ती फक्त पाण्यावर, नाल्याच्या डोहाशी. फळांनी लगडलेल्या झाडावर तिनं कधी फासा लावला नाही, दुसऱ्याला लावू दिला नाही. तिच्या बापाची तशी रीत होती: जेवत्या पाखरावर हात टाकायचा नाही. ही रीत किती पक्की, ते आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलं. कापूस बघायला आलेल्या एका तरुण साहेबाचा तंबू तिवशाला पडला होता. तो घोड्यावरून बंदूक घेऊन आला, सोबत एक शिपाई. वड पिकला होता आणि झाडभर हरियाल. साहेबानं बंदूक खांद्याला लावली, आणि तेवढ्यात सगुणामायनं पितळी परातीवर दगड हाणला. सगळं झाड एकदम भर्रकन उडालं. साहेबाचं तोंड वडाच्या फळासारखं लाल झालं.

शिपाई धावत आला. "बाई, डोकं फिरलं का तुहं? साहेब विचारते, तू खुद पाखरं धरतं ना?"

"धरते ना. पाण्यावर धरते. त्याईले सांग, पाण्यावरचं मारा, उडतं मारा. जेवतं मारू नका. पानावर बसलेलं मारलं तं बाकीचे पाखरं पुन्हा त्या झाडावर येत नाईत. मंग मी काय खाऊ, वडाचे पानं?"

शिपायानं साहेबाला काय सांगितलं कोण जाणे. बहुतेक बाईच्या अंगात येतं असं सांगितलं असावं, कारण साहेब हसला आणि गेला. या बोलाचालीत सगुणामाय घोड्याच्या मागं जाऊन उभी होती. पुढं वर्षभर ती आपल्या फाशांची तारीफ करायची, "साहेबाच्या घोड्याचे केस हायेत, तुटत नाईत."

आता जे सांगायचं ते कापसाचं. अमेरिकेत कुठेतरी लढाई पेटली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, एवढं आम्हाला ऐकून माहीत. बाकीचं कापसाच्या भावानं सांगितलं. कापूस सोन्याचा झाला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. ज्यांच्या घरी कालपर्यंत अंबाडीची भाजी होती त्यांच्याकडे रोज पुरणपोळी शिजू लागली. आणि ज्यानं त्यानं कुऱ्हाड काढली. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी गेल्या, बोरी गेल्या, पांदणीतली बोराटी खणून जाळली. हातभर जमीन मोकळी झाली तरी तिथे कपाशीच्या दोन पऱ्हाट्या उभ्या राहत होत्या. लाकडाचीही चिंता नव्हती. आगगाडीच्या पुलांसाठी विटाभट्ट्या पेटल्या होत्या, ठेकेदाराची माणसं दाराशी येऊन लाकूड उचलून नेत.

पण आम्ही काही अधर्मी नव्हतो. पारावरचा उंबर कोणी तोडला नाही. त्याच्या बुडाशी दत्ताच्या पादुका. वटसावित्रीचा एक वड ठेवला. देवाचं होतं ते राखलं, बिनकामाचं होतं ते काढलं, आणि आपण नीट वागलो अशी सगळ्यांची खात्री झाली.

पुढच्या उन्हाळ्यात पारावरचा उंबर असा लगडला की खोड दिसेना. आणि नाल्याकाठची झाडी सोडून हरियाल इकडे आला नाही. एक नाही. फळं पिकली, पडली, पारावर सडली, माशा घोंगावल्या, गुरवाची बायको झाडून झाडून वैतागली. लोक म्हणाले, दत्त कोपला. अभिषेकाचं ठरलं. सगुणामाय तिथूनच जात होती.

"देव कायले कोपते?" ती म्हणाली. "पाखरू वर्षातून एकडाव जेवते का? वडाचं सरलं का उंबर, उंबराचं सरलं का जांभूळ, थंडीत बोरं, अन् कुठंच काही नसलं तं पिंपरण. दोन वड असले तरी दोघं एका वक्ताले पिकत नाईत. अशी पंगत असते ते. मधले सगळे पानं तुमी उचलून नेले अन् एक पान ठेवलं, अन् आता म्हणता पावना काहून येत नाई!"

"अन् मोर?" कोणीतरी विचारलं. "मोर तं उंबराच्या भरवशावर नाई."

"मोराले निजाले उंच चिंच पाहिजे, लांडोरीले अंडे घालाले बोराटी पाहिजे. तुमी घर मोडलं, चूल मोडली, अन् देव्हारा ठेवला. राहा म्हणा आता देव्हाऱ्यात."

लोक हसले. अभिषेक व्हायचा तो झालाच. आणि खरी गोष्ट अशी की हरियाल आला नाही याचं दुःख कोणालाच फारसं नव्हतं, कारण कापूस आला होता.

आता त्या मुलखात सलग झाडी राहिली ती एकट्या सगुणामायच्या पट्ट्यात, आणि तो पट्टा काही तिच्या एकटीचा नव्हता. वावर सामायिक, अर्धं तिचं, अर्धं दीर पुंजाजीचं. पुंजाजी वाईट माणूस नव्हता हे मी आधीच सांगतो. कष्टाळू, भित्रा, देवभोळा. मांजर आडवं गेलं तर बैल सोडून घरी बसणारा. पण दिवसच असे होते की भित्र्या माणसालाही हाव सुटावी.

"वयनी," तो म्हणाला, "नाल्याकाठची जमीन लोण्यावानी हाय. पऱ्हाटी छातीइतकी होईन. झाडं काढू."

"नाई काढत."

"काहून पण?"

"मले नाई काढाचे म्हून."

रोज हेच बोलणं. शेवटी पुंजाजीनं ठेकेदाराला सांगून टाकलं आणि लाकूडतोडे यायचा दिवस ठरला. माझ्या बायकोला सगुणामायचा लळा होता. ती नाला ओलांडून गेली आणि म्हणाली, "माय, एक करा ना. सगळ्या झाडायले शेंदूर लावा. बुडाशी एकएक दगड मांडा. पुंजाभाऊ मरतीन पण हात लावणार नाईत."

युक्ती बिनतोड होती. आमच्या गावात शेंदूर फासलेल्या धोंड्याला लाथ मारणारा माणूस जन्माला आलेला नव्हता. सगुणामाय भाकर थापत होती, तिनं हात थांबवला.

"अन् मंग हरियाल खाऊ कशी वं? देवाच्या झाडावरचं पाखरू खाल्लं तं हेच लोक मले गावाबाहेर काढतीन." मग हसणं सोडून म्हणाली, "अन् खोटं काहून बोलू? ते झाडं देवाचे नाईत. माहे हायेत. मले पाहिजे म्हून उभे हायेत. देव जामीन राह्यल्याबिगर बाईच्या शब्दाले किंमतच नाई का?"

बायको घरी येऊन मला म्हणाली की बुढी हट्टानं सगळं घालवणार. मलाही तसंच वाटलं.

लाकूडतोडे आले तेव्हा ती बोराटीच्या तोंडाशी विळा घेऊन बसली होती. आरडाओरड नाही, रडणं नाही. पहिल्यानं कुऱ्हाड उचलली तेव्हा एवढंच म्हणाली, "अर्धं झाड माहं हाय. कोणतं अर्धं ते मले विचारून तोड." लाकूडतोड्यानं पुंजाजीकडे पाहिलं, पुंजाजीनं आभाळाकडे. प्रकरण चावडीवर गेलं.

चावडीला सगळं गाव. पाटलानं विचारलं, "सगुणाबाई, झाडं काढाले हरकत काय?"

"मले पाखरू खायाचं असते."

लोक इतके हसले की पाटलाला काठी आपटावी लागली. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, नवऱ्यानं लावलेली झाडं आहेत, सासऱ्याची आठवण आहे. पंचांचं मन द्रवलंही असतं. ही बाई भर चावडीत उभी राहून सांगते की मला रस्सा आवडतो.

"तोंडाच्या चवीसाठी कोणी वावर अडवते का?" एक पंच म्हणाला.

"तुमी शिंगाच्या शेंब्यांसाठी नाला उकरून राह्यले. तं मी चवीसाठी अडवून राह्यली. चव तरी माही हाय."

पाटील म्हणाला, "हे पाहा, अर्धा पट्टा पुंजाजीचा. त्याचे झाडं तो तोडीन. तुहे तू ठेव."

अर्धी पंगत म्हणजे काय ते पारावरच्या उंबरानं सगळ्यांना दाखवलंच होतं. ती म्हणाली, "मंग कपाशीच्या वावरातला माहा वाटा भाऊजीले द्या. सगळा. मले घरामागचा ज्वारीचा तुकडा ठेवा, अन् हा पट्टा पुरा माह्या नावचा करा."

त्या वर्षी ते वावर मागायला कोणी अमरावतीचा सावकार आला असता तरी त्याला ते मिळालं नसतं, आणि ही बाई ते बोराटीच्या बदल्यात देत होती. पाटलानं पुन्हा विचारलं, "सगुणाबाई, भाव पाहून राह्यली का तू?"

"पाहून राह्यली, म्हून तं आज सांगून राह्यली. उद्या भाव पडला तं हा घेईन का?"

पुंजाजीलाच लाज वाटली. खाली मान घालून म्हणाला, "वयनी, खासान काय?"

"कापूस खातं का कोणी, भाऊजी?"

झालं. वाटणी झाली. गावानं तिला येडी ठरवलं, आणि तिनं ते मनावर घेतलं नाही. पुढं ती बोरं, जांभळं, चिंचा आणि पाण्यावर धरलेली पाखरं घेऊन माझ्या भाजीच्या गाडीत बसून अमरावतीच्या बाजाराला येऊ लागली. वाटभर दोन्ही बाजूंना कपाशी, नजर पोचेल तिथवर, मधे एक झाड नाही, एक तितर बोलत नाही. ती म्हणायची, "केवढं मोठं अन् केवढं मुकं झालं रे बावा." मला ती बाई आवडायची. तिच्या पाटीतल्या जांभळांनी माझी वांगी डागाळायची, दर बाजाराला मी त्यावरून भांडायचो, आणि ती आली नाही तर मला रस्ता कंटाळवाणा व्हायचा.

मग लढाई संपली आणि भाव कोसळला. शेंब्या उतरल्या, पुरणपोळ्या थांबल्या. तेव्हा गाव एका रात्रीत बदललं. काल येडी म्हणणारे आज म्हणू लागले, सगुणामायला पुढचं दिसत होतं, बाई दूरदृष्टीची. पारावर तिला बसायला जागा देऊ लागले. तिला हे येडी म्हणण्यापेक्षा जास्त झोंबलं. एकदा पाटीलच तोंडभरून म्हणाला, "सगुणाबाई, शेवटी तूच बरोबर निघाली."

ती उसळली. "भाव पडला म्हून बरोबर? भाव चढाच राह्यला असता तरी मी बरोबरच होती. तुमच्या तराजूत घालून मले शहाणी ठरवू नका."

पाटलाला काय चुकलं ते समजलं नाही. मला वाटतं, समजलं असतं तर ते गाव आमचं गाव नसतं.

वर्षं गेली. सगुणामायचे दात गेले. आधी दाढा, मग पुढचे. हरियालाचं मांस तसं चिवट. ती काही दिवस नुसता रस्साच प्यायली, मग तोही सोडला. फासे खुंटीला टांगले ते टांगलेच. पाटील तितर म्हातारा होऊन मेला, दुसरा तिनं पाळला नाही. पण पट्ट्यातली कोवळी बोरसुद्धा कोणाला तोडू देत नव्हती, आणि हरियाल आधीपेक्षा जास्त येत होते. आता साऱ्या पंचक्रोशीची पंगत तिथेच होती.

पुंजाजीनं भरभराटीच्या दिवसांत कपाशीच्या वावरात पक्की विटांची विहीर बांधली होती. त्या विहिरीच्या आतल्या कडेला, विटांच्या सांध्यात, एका पावसाळ्यात पिंपळ उगवला. पट्ट्यातल्या पिंपळाची फळं खाऊन पाखरं विहिरीच्या काठावर बसत आणि जे करायचं ते करत. रोपाच्या मुळीनं विटा फाकल्या. आता पिंपळ उपटायचा कोणी? गवंडी म्हणाला, माझ्या घरी लहान लेकरं आहेत. मजूर म्हणाले, मालक, तुम्हीच. पुंजाजी रोज सकाळी विहिरीवर जाई, पिंपळाला हात जोडी आणि भेगेकडे पाहून हळहळे. शेवटी तो वहिनीच्या दाराशी आला. मी तिथे भाजी द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं पाहिलं.

"वयनी, तुमच्या पाखरायनं माही विहीर फोडली."

"मंग उपटा की."

"माह्यानं होत नाई. तुमी उपटा. तुमाले... तुमाले चालते ते." तिला पाप लागत नाही असं त्याला म्हणायचं होतं, पण जीभ रेटली नाही.

ती उठली. आम्ही तिघं कपाशीतून चाललो. वाटेत पुंजाजी म्हणाला, "वयनी, आता दात नाईत, पाखरू खात नाई. मंग झाडं कोणासाठी ठेवले?"

ती चालता चालताच म्हणाली, "मी जेवत नाई म्हून त्यायची पंगत उठवू का?"

एवढ्या वर्षांत तिनं पाखरांच्या बाजूनं बोललेलं मी हेच एक वाक्य ऐकलं. तेही तिनं रागानंच म्हटलं.

विहिरीच्या काठावर ती पालथी पडली, हात आत घातला आणि बोटांनी सांधा मोकळा करत करत ते रोप मुळीसकट अलगद ओढून काढलं. एक मुळी तुटू दिली नाही. रोप पदरात घेतलं, उठली, आणि त्याच वावराच्या धुऱ्यावर गेली, जे वावर तिनं चावडीत देऊन टाकलं होतं. विळ्यानं ओली माती उकरली, रोप लावलं, टाचेनं माती दाबली.

"वयनी!" पुंजाजी ओरडला. "हा धुरा माहा हाय!"

"तुमचाच हाय. मी कुठं नाई म्हणते?" ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. बोळक्या तोंडानं हसत होती. "अन् मी त्याले देवबी म्हणत नाई. तुमी म्हणता. घ्या, आता उपटा."

ती घराकडे निघाली. मी तिला नीट पाहिलं ते शेवटचंच. त्या थंडीत ती गेली. पण ती निघाली तेव्हा मी तिच्याकडे पाहत नव्हतो, पुंजाजीकडे पाहत होतो. तो त्या वीतभर रोपापुढे उभा राहिला, रोपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायातला जोडा काढून बाजूला ठेवला.